मेडिक्लेममधून थेरपीचे पैसे मिळतात का? नागपुरात मला नेहमी विचारतात ते प्रश्न

धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणारी एजन्सी) डेस्कवर मी सात वर्षं काढली, म्हणजे काचेमागे बसून प्री-ऑथचे, म्हणजे कंपनीच्या आगाऊ मंजुरीचे फॉर्म भरायचे, कंपनीच्या क्वेऱ्यांना उत्तरं द्यायची आणि डिस्चार्जच्या दिवशी किती कटलं ते नातेवाईकांना सांगून त्यांच्या शिव्या खायच्या. आता तिथे नाही, पण कॉलनीत, नात्यात, शाळेच्या ग्रुपवर कोणाचं काही अडलं की फोन मलाच येतो. आधी मोतीबिंदू, अपेंडिक्स, डिलिव्हरी यांचे यायचे, आता डिप्रेशन, अँग्झायटी, पॅनिक याचे येऊन राहिले आणि निम्मे लोक तर गच्चीवर जाऊन, आवाज खाली करून बोलतात. तेच तेच सांगून थकली, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

एका शब्दात सांगा ना, साध्या मेडिक्लेममध्ये थेरपी कव्हर होते का?

एका शब्दात नाही होत बाप्पा, दोन वाक्यं लागतील. मानसिक आजारासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर कव्हर आहे आणि ते कंपनीचे उपकार नाहीत, कायदा आहे. पण तुम्ही दर गुरुवारी रामदासपेठेत जाऊन तासभर बोलून घरी येता, त्या सेशनचे पैसे साधी पॉलिसी देत नाही.

पण नवीन कायद्यात तर शरीराचा आणि मनाचा आजार सारखाच म्हटलाय ना? मग?

म्हटलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २१ च्या चौथ्या पोटकलमात सरळ आहे की प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या इलाजासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच विम्याची सोय केली पाहिजे. मग विमा नियामकाने, म्हणजे ज्याला आपण सगळे इर्डा म्हणतो, त्याने १६ ऑगस्ट २०१८ ला कंपन्यांना कळवलं, २०१९ मध्ये मानसिक आजार पॉलिसीतून सरसकट वगळायचा नाही असे नियम काढले, तरी कंपन्यांची टाळाटाळ सुरूच, शेवटी १८ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा पत्र काढून ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी कायद्यात बसवा म्हणून सांगावं लागलं. एका ओळीचा कायदा पाळायला चार वर्षं लागली, यावरून काय ते समजा.

आता गोम कुठे आहे, तर 'धर्तीवर' या शब्दात. तुम्हाला टायफॉइड झाला, डॉक्टरकडे तीनदा गेले, तपासण्या केल्या, गोळ्या घेतल्या, घरीच बरे झाले, तर साधी पॉलिसी त्याचे पैसे देते का? नाही देत, कारण ती भरती झाल्यावरची पॉलिसी आहे. मग थेरपीचेही नाही. झाली ना समानता! कागदावर कंपनी एकदम बरोबर. पण टायफॉइड बिघडला तर माणूस खाटेवर जातोच आणि मनाच्या आजारात मुख्य इलाजच कितीतरी जणांसाठी खुर्चीवर बसून, आठवड्यामागून आठवडे बोलण्याचा असतो. आपला मेडिक्लेम खाट मोजतो, खुर्ची मोजत नाही. माझ्याकडे येणारे ऐंशी टक्के प्रश्न या एकाच गोष्टीतून निघतात, म्हणून हे डोक्यात पक्कं बसवून पुढे वाचा.

'बेसिक' पॉलिसी म्हणजे नेमकी कोणती धरायची?

मी तरी आरोग्य संजीवनी धरते. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या जनरल आणि हेल्थ कंपन्यांना ती विकावी लागते आणि कोणाकडूनही घेतली तरी अटी त्याच, फक्त प्रीमियम वेगळा. भरती किमान २४ तासांची पाहिजे, भरतीच्या आधीचे ३० दिवस आणि नंतरचे ६० दिवस यांचा खर्च मिळतो, प्रत्येक क्लेमवर ५ टक्के तुमच्या खिशातून, खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. ओपीडी नाही. तुमची पॉलिसी दुसरी असेल तर आकडे वेगळे असतील (कुठे ६० आणि ९० दिवस असतात) पण सांगाडा हाच.

खोलीभाड्याची अट वाचायला साधी वाटते आणि तिथेच लोक आपटतात. दोन लाखाची पॉलिसी, म्हणजे दिवसाला ४,००० ची खोली, आणि नातेवाईक म्हणतात पेशंटला गडबड नको, शांतता पाहिजे, द्या ८,००० ची डिलक्स. मग नुसता खोलीचा फरक नाही कटत, औषधं सोडून डॉक्टरांच्या व्हिजिटसारखं बाकीचं बिलही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येतं.

भरती असताना सायकॉलॉजिस्ट येऊन सेशन घेतात, ते बिलात धरतात का?

हो, हॉस्पिटलच्या बिलात लागलेलं असलं आणि केस पेपरवर तारीख-वेळेसकट नोंद असली तर धरतात. नोंद नसली तर कंपनी कापते, तिथे वाद नाही घालता येत.

डिस्चार्जनंतरच्या थेरपीचं काय? ती तर घरून जाऊन करायची असते.

हा प्रश्न कोणीच विचारत नाही, खरं म्हणजे सगळ्यात आधी विचारला पाहिजे, कारण साध्या पॉलिसीत खुर्चीवरच्या इलाजाला शिरायला एवढीच एक फट आहे. त्याच आजारासाठी भरतीनंतर ६० दिवसांत जो खर्च होतो तो पोस्ट-हॉस्पिटलायझेशन म्हणून मागता येतो. समजा दर आठवड्याला एक सेशन, ६० दिवसांत आठ झाले, एकाचे १,००० धरले तर ८,०००, त्यातून ५ टक्के गेले, ७,६०० राहिले. थोडे आहेत का? औषधं आणि सायकियाट्रिस्टची फॉलोअप फी त्यात वेगळी जोडा.

आता अडचण ऐका. पॉलिसीत 'मेडिकल प्रॅक्टिशनर' म्हणजे मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद असलेला डॉक्टर अशी व्याख्या असते आणि सायकॉलॉजिस्ट काही त्या कौन्सिलचा नसतो, म्हणून नुसतं सायकॉलॉजिस्टचं लेटरहेड पाठवलं की क्वेरी आलीच समजा. म्हणून डिस्चार्ज समरीतच, फॉलोअपच्या ओळीत, सायकियाट्रिस्टकडून स्पष्ट लिहून घ्या की अमुक आजारासाठी आठवड्याला एकदा सायकोथेरपी, इतके आठवडे. जमलं तर सेशन त्याच हॉस्पिटलच्या ओपीडीत लावा म्हणजे बिल हॉस्पिटलचं निघतं. प्रत्येक सेशनची वेगळी पावती, तारीख, पेशंटचं नाव, सही, नोंदणी क्रमांक. माझ्या शेजारच्या काकूंनी मुलाच्या अकरा सेशनचे यूपीआयचे स्क्रीनशॉट छापून फाइलला लावले होते, पावती एकही नाही. पैसे दिल्याचा पुरावा तो, कशाचे दिले त्याचा नाही. एक रुपया नाही मिळाला.

आणि तारीख सांभाळा. आरोग्य संजीवनीत हॉस्पिटलच्या बिलाचे कागद डिस्चार्जपासून ३० दिवसांत आणि नंतरच्या खर्चाचे तो इलाज संपल्यापासून १५ दिवसांत द्यायचे असतात. पेशंट सावरत असतो, घरचे दमलेले असतात, फाइल कपाटावर राहते आणि दिवाळीत झाडताना सापडते. असं मी पाहिलंय.

'हा पेशंट ओपीडीवरही बरा झाला असता' असं म्हणून कॅशलेस नाकारलं. असं करू शकतात का?

करतात. मनाच्या आजारात सगळ्यात जास्त येणारी क्वेरी हीच. छातीत दुखून आलेल्या माणसाचा ईसीजी लावता येतो, पण न जेवलेल्या, न झोपलेल्या, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाचा कोणता रिपोर्ट लावणार? मग पॉलिसीतलं अपवाद क्रमांक ४ काढतात, की नुसत्या तपासणीसाठी आणि निरीक्षणासाठी भरती केलं तर पैसे नाहीत, नाहीतर क्रमांक ५, विश्रांती, पुनर्वसन असलं काही असेल तर नाही.

इथे सगळा खेळ डॉक्टरांच्या लिहिण्यावर आहे. केस पेपरवर 'लो मूड, अॅडमिट फॉर ऑब्झर्व्हेशन' एवढंच असेल तर क्लेम गेला, तिथे मी काही करू शकत नव्हती, कोणीच करू शकत नाही. तेच जर लिहिलं की चार दिवसांपासून अन्नपाणी बंद, जिवाला धोका आहे, घरी लक्ष ठेवणं शक्य नाही, औषधाचा डोस देखरेखीखाली वाढवावा लागतो, आधी सहा आठवडे ओपीडीवर इलाज करून फरक पडला नाही, तर कंपनीलाही नाही म्हणणं जड जातं. हे खोटं लिहायला लावायचं नाही हं, खरं आहे तेच पूर्ण लिहायला सांगायचं. डॉक्टर बिचारे पेशंट पाहण्यात असतात, त्यांना माहीत असतं सगळं, कागदावर उतरत नाही. आधीच्या ओपीडीच्या चिठ्ठ्या फेकू नका, त्याच इथे कामी येतात.

आणि वेळेचंही लक्षात ठेवा, २०२४ च्या मे महिन्यातल्या इर्डाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या वेळी फायनल मंजुरी तीन तासांत. डेस्कवरचा माणूस 'उद्या बघू' म्हणाला तर हे त्याला ऐकवा. (तो माझ्यासारखाच पगारी माणूस आहे, जरा प्रेमाने ऐकवा.)

कोणत्याही हॉस्पिटलमध्ये चालतं का? आमचे डॉक्टर छोट्या नर्सिंग होममध्ये भरती करतात.

एकतर ते कायद्याखाली नोंदणी असलेलं पाहिजे, नसेल तर पॉलिसीची स्वतःची मोजपट्टी लागते, त्यात दहा लाखाच्या वर लोकसंख्या असलेल्या गावात किमान १५ खाटा लागतात. नागपूर त्या मोठ्यांत येतं. शिवाय मानसिक रुग्ण भरती करणाऱ्या जागेची मानसिक आरोग्य कायद्याखाली वेगळी नोंदणी असावी लागते. भरतीच्या आधी रिसेप्शनवर दोन्ही नंबर मागून घ्या, लाजायचं काही नाही. शहराबाहेरची जी 'केंद्रं' असतात, जिथे तीन महिने ठेवून घेतात, तिथलं बिल मेडिक्लेममध्ये निघालेलं मी एकदाही पाहिलं नाही.

भावाची दारू सोडवायची आहे. ते तर मानसिक आजारातच येतं ना?

हे जरा डोकं धरायला लावणारं आहे. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था स्पष्ट धरल्यात. आणि इर्डाच्या ठरावीक अपवादांच्या यादीत क्रमांक १२ ला दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनाचा इलाज आणि त्याचे परिणाम वगळायला परवानगी आहे. एक हात देतो, दुसरा काढून घेतो. डेस्कवर तर अपवाद १२ च चालतो. व्यसनाच्या आधीपासून किंवा सोबत वेगळं डिप्रेशन असेल तर डॉक्टरांनी ते वेगळं निदान म्हणून लिहिलं पाहिजे, पण डिस्चार्ज समरीवर पहिला कोड एफ-१० चा, म्हणजे दारूचा पडला की फाइल तिथेच थांबते. डॉक्टरांना कोड बदला म्हणू नका, ती फसवणूक आहे आणि पकडली जाते. माझं मत विचाराल तर या दोन कागदांमधलं भांडण कोणीतरी वरच्या कोर्टात नेऊन सोडवलं पाहिजे, आपल्याकडे विदर्भात दारूने घरं बसली आहेत आणि पॉलिसी म्हणते हा आजारच नाही.

दोन वर्षांपासून गोळ्या सुरू आहेत. नवीन पॉलिसी घेताना सांगू की नको?

सांगा. सांगा. सांगा. एजंट म्हणेल 'मॅडम, कशाला लिहिता, उगाच रिजेक्ट होईल', त्याचं कमिशन पॉलिसी निघाली की होते, क्लेमच्या दिवशी तो नसतो.

कसं उघडं पडतं ते सांगते. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पेशंट येतो, ड्युटीवरचा पोरगा डॉक्टर हिस्ट्री घेतो, बायको घाबरून सगळं खरं सांगते आणि तो लिहितो 'के/सी/ओ डिप्रेशन, दोन वर्षं, ऑन ट्रीटमेंट', म्हणजे आजार आधीपासूनचा. झालं. ती एक ओळ कंपनीला दिसली की पॉलिसी घेताना का सांगितलं नाही म्हणून क्लेम जातोच, कधी कधी पॉलिसीही रद्द होते. डेस्कवर असताना असे नवरे पाहिलेत जे त्या डॉक्टरशी भांडायला निघाले, की हे कशाला लिहिलं. त्याची काय चूक?

सांगितलं तर फार तर वेटिंग पीरियड लागतो (तेवढे महिने त्या आजाराचा क्लेम मिळत नाही), आधीच्या आजारासाठी तो आता ३६ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही, पूर्वी ४८ होते. प्रीमियम थोडा वाढेल, कोणी नकारही देईल, मग दुसऱ्या कंपनीत अर्ज करा. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की नंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही सांगितलं नव्हतं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हा नियमही २०२४ पासून, आधी आठ वर्षं होती.

पॉलिसी पाच लाखाची आहे पण आत लिहिलंय मानसिक आजाराला फक्त पन्नास हजार. चालतं का हे?

दिल्ली हायकोर्टात याच्या जवळचा निकाल आहे, एप्रिल २०२१ चा. एका बाईंच्या पॉलिसीत मानसिक आजार वगळलेला दाखवून कंपनीने हात वर केले होते, कोर्ट म्हणालं शारीरिक आजार आणि मनाचा आजार यांच्यात भेदभाव कायद्यात बसत नाही. तुमच्या तक्रारीत हा निकाल नक्की टाका.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर... इन्शुरन्सला कोण चालतं?

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात शिकलेला डॉक्टर, औषध लिहून देतो, तो चालतोच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असलेला, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालू शकतो. बाकी काउन्सेलर, कोच, हीलर, यांच्यात खूप चांगली माणसंही आहेत, पण क्लेमसाठी शून्य.

लग्नाचं काउन्सेलिंग? मुलीचं करिअर काउन्सेलिंग?

नाही. ते आजार नाहीत.

मग ओपीडी रायडर (जादा पैसे देऊन पॉलिसीला जोडायची सोय) घ्यावा का?

कॅल्क्युलेटर घेऊन बसा. रायडरचे वर्षाला समजा ४,००० जास्त देता आणि ओपीडीची मर्यादा आहे १०,०००, तर तुमचा फायदा जास्तीत जास्त ६,००० चा आणि तोही सगळे वापरले तर. १,००० च्या हिशेबाने दहा सेशन. थेरपीत वीस-पंचवीस सहज होतात. म्हणजे मदत होते, पूर्ण नाही होत. घ्यायच्या आधी तीन गोष्टी मेलवर लिहून मागा, फोनवर नाही: सायकॉलॉजिस्टचं सेशन धरता की फक्त सायकियाट्रिस्टची फी, नागपुरातला कोण तुमच्या नेटवर्कमध्ये आहे की फक्त अॅपवरचा व्हिडिओ कॉल, आणि पहिल्या दिवसापासून की वेटिंग आहे. मराठी थेरपिस्ट मिळेल का हेही विचारा, रडायचं असतं तेव्हा माणूस मराठीतच रडतो, इंग्रजीत कसलं जमते?

बरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढा हिशेबात पकडा, जुन्या कोटेशनवर जाऊ नका.

मी मिहानमध्ये कंपनीत आहे. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स आहे.

मग तुम्ही बऱ्या जागी आहात. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा आधीच्या आजाराचं वेटिंग काढलेलं असतं, काहींत ओपीडीही असते. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्यांना ठरावीक सेशन फुकट देणारी हेल्पलाइन घेऊन ठेवतात, जॉइनिंगच्या दिवशीच्या मेलमध्ये ती असते आणि कोणी वाचलेली नसते. शोधा तो मेल. एचआरला कळेल याची धास्ती सगळ्यांना असते, तर कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमच्या आजाराची आणि इलाजाची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे. क्लेमचे कागद एचआरच्या टेबलवर न देता सरळ टीपीएच्या पोर्टलवर टाका.

बुटीबोरीत कामाला आहे, पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कटते.

तुम्हाला तर मेडिक्लेमवाल्यांपेक्षा चांगलं आहे आणि हे मी गमतीत नाही म्हणत. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआयसी लागते, तुमचे ०.७५ टक्के जातात आणि मालकाचे ३.२५, आणि त्यात ओपीडीसुद्धा आहे. खुर्ची मोजणारा विमा म्हणजे हाच. दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन सोमवारीपेठेतल्या हॉस्पिटलला जा, गरज पडली तर ते पुढे पाठवतात. रांग आहे, धक्काबुक्की आहे, सुटी काढावी लागते. पण तुमच्या बिनओपीडीच्या पाच लाखाच्या पॉलिसीवाल्या साहेबाला जे मिळत नाही ते तुम्हाला मिळते.

आयुष्मान कार्डावर किंवा महात्मा फुले योजनेत?

कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत, पण पुन्हा भरती झाल्यावरच, ओपीडी थेरपी नाही. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला तुमचं निदान सांगून विचारा पॅकेजमध्ये बसते का. फुले योजनेचा नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

मुलगा ऑटिस्टिक आहे, त्याच्या थेरपीला काही आहे का?

आहे, वेगळी योजना आहे. नॅशनल ट्रस्टची निरामय. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी वर्षाला एक लाखापर्यंत आणि तिच्यात ओपीडी आणि थेरपी दोन्ही धरतात. आधी मुलाचं अपंगत्व प्रमाणपत्र काढा. डिप्रेशन वगैरेला ती लागू नाही.

इन्शुरन्सच नाही आणि दर आठवड्याला हजार रुपये देणं जमत नाही.

मग मेडिकलला जा, मेयोला जा (दोन्ही नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं), मिहानमधल्या एम्सला जा, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे, केस पेपर काढायला लागतो तेवढाच खर्च. छिंदवाडा रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८६४ पासूनचं, तिथेही ओपीडी चालते, भरतीच व्हावं लागतं असं नाही. त्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात, ऑटोवाल्याला तेच नाव सांगावं लागते आणि तो आरशातून एकदा मागे बघतो. बघू द्या. ओपीडीच्या रांगेत तुमच्याआधी बँकेतला माणूस असेल, नंतर शाळेच्या बाई असतील.

सरकारी ठिकाणी तासभराचं सेशन दर आठवड्याला मिळेलच असं नाही, गर्दी भल्ली आहे. पण निदान पक्कं होते, औषधं सुरू होतात.

आणि आत्ता या क्षणी जीव घाबरला असेल, नकोसं वाटत असेल, तर टेलिमानसला लावा, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. पॉलिसी-बिलिसी नंतर पाहू.

क्लेम केला तर पुढल्या वर्षी पॉलिसी बंद करतील का?

नाही करू शकत. क्लेम घेतला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही. तारीख चुकवू नका फक्त.

सगळं नीट देऊनही नाकारलं. आता?

पहिलं म्हणजे कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा, 'अॅज पर टर्म्स' हे उत्तर नाही. मग पॉलिसीचा माहितीपत्रक कागद काढा, सीआयएस म्हणतात त्याला, १ जानेवारी २०२४ पासून तो सोप्या भाषेत द्यावा लागतो आणि मागितला तर मराठीतही. ते कलम त्यात खरंच आहे का बघा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, सोबत इर्डाच्या विमा भरोसा पोर्टलवर नोंद किंवा १५५२५५ वर फोन. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या लोकपालाकडे येतं, पण आझाद हिंद एक्स्प्रेस पकडून जायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी व्हिडिओवरही होते, फी नाही, वकील तर चालतच नाही. नकारापासून वर्षाच्या आत करा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहेच, पण तो लांबचा.

माझा अनुभव असा की लोकपालाच्या नावाने साधा, शिव्या नसलेला, तारखा असलेला मेल गेला की निम्म्या फाइली आपोआप उघडतात.

मी पप्पांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये (घरच्या सगळ्यांची मिळून एक पॉलिसी) आहे. क्लेम केला तर घरी कळेल का?

कळेल. हे कोणीच आधी सांगत नाही. फ्लोटर पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर प्रत्येक मेसेज जातो, क्लेम नोंदला, कागद पाहिजेत, मंजूर झाला, हॉस्पिटलचं नाव सुद्धा. कायद्याने तुम्ही सज्ञान असाल, गोपनीयता तुमची असेल, पण मेसेज पप्पांच्याच फोनवर वाजतो. लक्ष्मीनगरातली एक पोरगी, बावीस-तेवीसची, मला हेच विचारायला आली होती, घरी सांगायची तिची अजून तयारी नव्हती आणि ओपीडी रायडर तर होता. मी म्हटलं तो राहू दे सध्या, मेडिकलच्या ओपीडीत जा, सकाळी लवकर जा म्हणजे नंबर लागतो. पाच-सहा महिन्यांनी तिचा फोन आला, क्लेमचा फॉर्म कसा भरायचा म्हणून. शेजारून तिच्या पप्पांचा आवाज येऊन राहिला होता, ते पॉलिसी नंबर वाचून दाखवत होते.